लाल रेषा कुठली?

मुलांनो, शिक्षकांच्याही चुका होतात बरं का! आज मी माझीच एक चूक तुम्हाला सांगणार आहे.

आमच्या शाळेत सहावीची खोली पत्र्याची आणि शेजारची कौलारू. "बाई, आमच्याच खोलीत जास्त उकडतं," ही मुलांची रोजची तक्रार. मी म्हटलं, "चला, मोजूनच बघू!" फेब्रुवारीत दहा दिवस, रोज दुपारी दोन वाजता, मुलांनी दोन्ही खोल्यांतलं तापमान वहीत टिपून ठेवलं.

शाळेच्या संगणकावर लिबरऑफिस कॅल्क आहे. चौकटींत आकडे भरले की ते आलेख काढून देतं. मी हौसेने पत्र्याच्या खोलीची रेषा लाल केली आणि कौलारूची हिरवी. दोन्ही सलग, सारख्याच जाडीच्या. सुरुवातीचे काही दिवस ढगाळ होते, त्यामुळे तिथे दोन्ही रेषा एकमेकींत गुंतल्या होत्या.

मी एका मुलाला विचारलं, "सांग, चौथ्या दिवशी कुठली खोली जास्त तापली?"

तो बराच वेळ पडद्याकडे बघत उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "बाई, लाल रेषा कुठली?"

सगळा वर्ग हसला. मला वाटलं, हा चेष्टाच करतोय. "सहावीत आलास आणि रंग कळत नाहीत? बस खाली!" मी ओरडले. तो मान खाली घालून बसला. त्या दिवशी पुन्हा एक शब्द बोलला नाही.

शाळा सुटल्यावर त्याची आई भेटली. बोलता बोलता म्हणाली, "मिरच्या तोडायला आला, की लाल-हिरव्या एकत्र करतो बघा. लक्षच नसतं त्याचं."

माझ्या काळजात चर्र झालं. लक्ष नव्हतं ते त्याचं नव्हे, माझं!

डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायला लावले. जपानच्या इशिहारा या डॉक्टरांनी १९१७ साली काढलेली ही चित्रं आजही वापरतात. त्याला काही आकडे दिसलेच नाहीत. त्याला रंगांधळेपणा होता. म्हणजे त्याला जग काळं-पांढरं दिसत नव्हतं. लाल आणि हिरवा या रंगांतला फरक नीट कळत नव्हता. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे जास्त आढळतं. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या जॉन डाल्टनलाही ते होतं. १७९४ साली त्याने स्वतःच्या या दृष्टीविषयी निबंध वाचला. लाल लाख आणि झाडाचं हिरवं पान त्याला एकाच रंगाचं दिसे!

त्या रात्री माझा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आलेख उघडला. रेषेवर दोनदा क्लिक केलं की तिचं रूप बदलता येतं. पत्र्याच्या खोलीची रेषा मी नारिंगी केली, सलग आणि जाड ठेवली, प्रत्येक दिवसाच्या जागी त्रिकोण बसवला. कौलारूची रेषा निळी, तुटक केली आणि तिच्यावर गोल दिले. आता रंग ओळखता आला नाही, तरी आकार ओळखता येणार होता.

वर्गात गेल्यावर आधी मी सगळ्यांसमोर त्या मुलाची माफी मागितली. मग कालचाच प्रश्न विचारला.

"चौथ्या दिवशी गोल वर आहे, बाई! कौलारू खोली जास्त तापली," तो ताडकन म्हणाला. "पण सातव्या दिवसापासून त्रिकोणच वर. ऊन पडल्यावर आपलीच खोली तापते!"

या वेळी वर्गाने टाळ्या वाजवल्या.

आणखी एक गंमत झाली. त्या आलेखाची आम्ही झेरॉक्स काढली. रंग गेले, पण रेषा ओळखू येत होत्या. माझ्या जुन्या आलेखाची झेरॉक्स काढली, तर दोन्ही रेषा सारख्याच करड्या! मग मात्र सगळ्या वर्गालाच विचारावं लागलं, "लाल रेषा कुठली?"

तुम्ही वहीत आलेख काढाल तेव्हा एक रेषा सलग काढा, दुसरी तुटक. एकीवर गोल द्या, दुसरीवर त्रिकोण. कुठली खूण कशाची, ते कोपऱ्यात लिहा. रंग खुशाल भरा, पण सगळं काम एकट्या रंगावर सोपवू नका.

आणि वर्गात कुणी "लाल रेषा कुठली?" असं विचारलं, तर हसू नका हं. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि बोट ठेवून दाखवा.