दीड सुती नळीसाठी धुळे

जळगाव ते धुळे हा सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता. बांभोरीजवळ गिरणा ओलांडली की पाळधी, एरंडोल आणि मग भुईकोट किल्ल्याचे पारोळे. खानदेशातल्या घरांना हा रस्ता पाठ असतो. सोयरीक, दवाखाना, बाजार, कुठल्या ना कुठल्या कामाने आपण त्यावरून जात असतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे भाऊ एसटीने धुळ्याला गेलो, ते गाडीच्या ब्रेकच्या नळ्या करून घ्यायला.

आमच्याकडे अब्बांच्या वेळची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळ फियाटचे मॉडेल, बनली मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात. तिचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग सहज मिळत. आता शोधावे लागतात.

अम्मींना कन्नडला आपाकडे न्यायचे ठरले होते. निघण्याआधी गाडी तपासली तर मागच्या चाकाजवळ तेलाचा थेंब दिसला. नळी गंजून झिरपत होती. जळगावातल्या एका मेकॅनिकने सांगितले, फ्रिजची तांब्याची नळी लावून देतो, अर्ध्या तासात काम होईल. चाळीसगावहून कन्नडला जायचे म्हणजे औट्रम घाट. जाताना चढ, पण परतीला सगळा उतार, आणि मागच्या सीटवर अम्मी आणि मुले. आम्ही नळी तशीच उघडी ठेवून घरी आलो.

जळगाव हे ठिबक सिंचनाचे आणि पीव्हीसी पाइपांचे शहर. शेताला लागेल तेवढी नळी इथे मिळते, पण ब्रेकची नळी निराळी. पेडल दाबले की तिच्यातल्या तेलावर टायरमधल्या हवेपेक्षा कितीतरी पट दाब येतो. आमच्या गाडीत चारही चाकांना तेल एकाच सिलिंडरमधून जाते. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले.

धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात आणि सोलापूरचा रस्ताही इथूनच निघतो. जिथे ट्रक थांबतात तिथे हुन्नर मुक्कामाला येते. आग्रा रोडवरून आत एका गल्लीत एका वयस्कर उस्तादांचे छोटे दुकान आहे. आम्ही सलाम करून जुन्या नळ्यांची टोके त्यांच्यासमोर ठेवली. लांब नळीचे माप सुतळीवर घेतले होते. वळणासकट माप यायचे तर सुतळीच बरी.

त्यांनी टोक बोटांत फिरवले. "दीड सूत," ते म्हणाले. म्हणजे इंचाचे तीन सोळांश, पावणेपाच मिलिमीटर. तांब्याचा विषय काढताच त्यांनी मान हलवली. "तांबे मऊ असते, पण हादऱ्यांनी कडक होते आणि मग तडकते. आज गाडी चालेल. घाटात नळी तुटली तर मी तिथे असेन का?"

त्यांच्याकडे पोलादी पत्रा दुहेरी गुंडाळून केलेल्या नळीचे वेटोळे होते. तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळीही चालते आणि ती गंजत नाही, असे त्यांनी सांगितले. पण ती त्या दिवशी नव्हती.

जुमा होता. नमाजनंतर काम सुरू झाले. नळी कापली, आतली कड घासून साफ केली. मग आधी नट ओवला, कारण टोक फुलल्यावर तो आत जात नाही. नळीचे तोंड साच्यात धरून आधी बाहेर फुगवले आणि मग आत दुमडले. अशी दुहेरी घडी झाली तरच जोड तेल धरतो. एकेरी घडीला चीर पडू शकते. एक तोंड किंचित वाकडे आले, तेव्हा उस्तादांनी ते कापून टाकले आणि पुन्हा केले. आम्हाला ते चालले असते, त्यांना चालले नाही. आटे मात्र त्यांनी जुन्या नटाशी जुळवून पाहिल्याशिवाय एकही नट दिला नाही.

घरी परतल्यावर नळ्या गोल पान्याच्या आधाराने हळूहळू वाकवल्या, जुन्या चापांत बसवल्या. चाकांजवळचे रबरी होज पाइपही बदलले. नवे ब्रेक ऑइल भरून सर्वांत लांबच्या चाकापासून एअर काढली. मग एकाने पेडल दाबून धरले आणि दुसऱ्याने प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. नळी आतून गंजते ती त्यामुळेच. डॉट ३ प्रतीचे नवे तेल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. लांब उतारावर ड्रम तापले की अशा तेलात वाफ धरते आणि पेडल तळाला जाते. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलावे आणि उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.

औट्रम घाट आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. मुले खाली दिसणारे चाळीसगाव शोधत होती, अम्मी तसबीह घेऊन बसल्या होत्या. ब्रेकची आठवण कोणी काढली नाही. उस्तादांच्या कामाला यापेक्षा मोठी दाद कोणती असेल?