टेपच नसलेली कॅसेट

वाजतंय! वीस वर्षांहून जुन्या मारुती झेनच्या कॅसेट डेकमधून चक्क एमपी३ प्लेअर वाजतोय, आणि इतका सुरेख वाजतोय की कधी एकदा सगळ्यांना सांगतो असं झालंय! गाडी बाबांची, डेकही तेव्हाचाच. त्याला ना यूएसबी, ना ब्लूटूथ, ना ऑक्सची पिन लावायची सोय. ज्याला विचारावं तो म्हणायचा, काढून टाका, नवा बसवा. आणि मग पुण्यात तापकीर गल्लीतल्या एका दुकानात ही वस्तू हाती आली. कॅसेट अडॅप्टर! दिसायला हुबेहूब कॅसेट, फक्त कडेतून हातभर काळी वायर निघालेली आणि वायरीच्या टोकाला हेडफोनला असते तशी साडेतीन मिलिमीटरची पिन. पिन प्लेअरमध्ये, कॅसेट डेकमध्ये. झालं काम!

आता एवढी गंमत हाती आल्यावर घरात कोण बसतंय? बाबांना घेतलं आणि भोरची वाट धरली. कापूरहोळला हायवे सोडला, रस्ता भाटघरकडे निघाला आणि मी ती कॅसेट हळूच आत सरकवली. खट्ट! आतून बारीकशी घरघर, आणि पुढच्या क्षणी भीमसेनजींचा अभंग गाडीभर.

"अरे, ही कॅसेट कुठे सापडली तुला?" बाबा एकदम सरसावून बसले.

"कॅसेट नाहीच आहे बाबा. ही वायर बघा."

त्यांनी वायर चिमटीत धरली, डेकपासून चाचपत चाचपत प्लेअरपर्यंत आले, काडेपेटीएवढा तो प्लेअर तळहातावर घेतला आणि धरण मागे पडेपर्यंत खाली ठेवलाच नाही.

भोरमध्ये राजवाड्याजवळ गाडी लावली आणि आधी ती कॅसेट बाहेर काढून उलटसुलट न्याहाळली. खऱ्या कॅसेटच्या खालच्या कडेला जिथे फीत डोकावते, बरोबर त्या जागी एक इवलंसं चकचकीत धातूचं हेड बसवलेलं. आत दोन-चार प्लास्टिकची दातेरी चाकं. फीत? औषधालाही नाही!

मग गाणं येतं कुठून? हे कळलं आणि मी अक्षरशः हरखून गेलो. खऱ्या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने डेकच्या हेडसमोरून सरकते. फितीवरचं चुंबकत्व जागोजागी कमी-जास्त असतं, त्यामुळे हेडमधल्या तारेच्या वेटोळ्यात किंचित वीज उमटते आणि तीच वाढवून स्पीकरला दिली जाते. म्हणजे डेकच्या हेडला हवं असतं ते फक्त बदलतं चुंबकत्व! समोर फीत आहे की आणखी काही, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. अडॅप्टरचं हेड प्लेअरकडून आलेल्या विजेचं तसंच चुंबकत्व करतं आणि डेकच्या हेडला अगदी चिकटून उभं राहतं. दोघांत एकही तार जोडलेली नाही, आणि तरी तबल्याची थाप न् थाप पलीकडे पोचते! दातेरी चाकं असतात ती डेकसाठी. कॅसेटचं चाक फिरायचं थांबलं की साइड संपली असं समजून बरेच डेक आपोआप बंद होतात, म्हणून ही चाकं नुसती फिरत राहतात.

आणि खरी कमाल तर पुढेच आहे! आमच्या डेकचा रबरी पट्टा सैल झालेला. कॅसेट लावली की वेग हेलकावे खायचा, गाणं मध्येच जड व्हायचं, सूर उतरायचा. त्याच डेकवर आता सूर जागचा हलत नाही! कारण गाण्याचा वेग आता मोटरच्या हाती उरलेलाच नाही. मोटर फिरवते ती रिकामी चाकं, गाणं येतं थेट प्लेअरमधून. फीतच नाही म्हटल्यावर फितीची ती मागची सुरसुरही गेली. म्हणजे हा डेक म्हातारपणी तरुणपणाहून चांगला वाजतोय!

फिलिप्सने कॅसेट आणली १९६३ साली. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तीच मापं पाळली. म्हणून तर ऐंशीच्या दशकात हातात धरायचे सीडी प्लेअर आल्यावर त्यांच्यासाठी निघालेली ही युक्ती २००१ सालच्या आयपॉडलाही चालली, आणि आज ज्या फोनला हेडफोनची पिन लागते त्यालाही चालते.

परतताना सरळ पुण्याकडे न वळता चेलाडीला आत शिरलो. नसरापूर, मार्गासनी, विंझर करत वेल्ह्याकडे निघालो, आणि या प्लेअरची खरी किंमत तिथे कळली. तोरणा समोर यायला लागला तशी फोनची रेंज जा-ये करू लागली. इंटरनेटवरून गाणी ऐकणारा इथे अडकलाच असता. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की रेडिओही खरखरतो. आमच्या प्लेअरला मात्र ना रेंज लागते ना केंद्र! आत अख्खं गीतरामायण भरलेलं होतं. गदिमा आणि बाबूजींची, १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून वर्षभर उलगडत गेलेली ती छप्पन्न गीतं, ओळीने, एकदाही साइड न बदलता! वेल्ह्यात चहाला थांबलो तर हॉटेलातला पोऱ्या खिडकीतून डोकावून म्हणाला, "काका, टेपात वायर कशापायी?" त्याला कॅसेट काढून दाखवली, तर आतली चाकं बोटाने फिरवून बघितल्याशिवाय त्याने ती परत दिली नाही.

तुम्हीही करून बघणार असाल तर चार गोष्टी सांगतो. प्लेअरचा आवाज पाऊणपट ठेवा, बाकीचा डेकवरून वाढवा. प्लेअर फार हळू ठेवला तर सुरसुर वाढते, पूर्ण सोडला तर आवाज फाटतो. आधी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून डेकचं हेड पुसा, झांजांची किणकिण लख्ख उमटते. दोन्ही बाजू वाजवणारा डेक असेल आणि आवाजच आला नाही, तर दिशेचं बटण दाबा. लायटरच्या सॉकेटवर प्लेअर चार्ज करताना इंजिनाची शिट्टीसारखी कुईकुई गाण्यात मिसळू शकते, म्हणून चार्जिंग घरूनच करून निघा. कॅसेटची खाचच नसेल, नुसता रेडिओ असेल, तर छोटा एफएम ट्रान्समीटर घ्या. शहरात त्याला मोकळी जागा शोधावी लागते, पण डोंगराआड जिथे केंद्रं पोचत नाहीत तिथे तो मोकळेपणाने वाजतो.

जुना डेक भंगारात घालायची घाई करू नका! त्याचा अ‍ॅम्प्लिफायर धडधाकट असतो, स्पीकर जागच्या जागी असतात, डॅशबोर्ड कापावा लागत नाही. गाडी चालू करा, डेकमध्ये एखादी जुनी कॅसेट घाला. चाक फिरतंय आणि कसाबसा का होईना आवाज येतोय? मग तुमचा डेक जिवंत आहे. आज अडॅप्टर आणा, रात्री गाणी भरा आणि सकाळी कापूरहोळला वळा!