आप्पांची रॅले

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या गणपती पेठेत शिरले, तेव्हा आमच्या वखारीतही ते छातीपर्यंत चढले होते. पाणी ओसरल्यावर चिखलातून जे जे बाहेर काढले, त्यात पोत्यांच्या थप्पीमागे विसरून गेलेली एक सायकल होती. हमाल ती भंगाराच्या ढिगाकडे घेऊन निघाला होता. मडगार्डावरचा गाळ मी सहज बोटाने पुसला, तर काळ्या रंगावरची सोनेरी रेघ दिसली. मी त्याला थांबवले. ती माझ्या आजोबांची, आप्पांची, रॅले सायकल होती.

आप्पा हळदीचे व्यापारी. हरिपूरला जमिनीत खणलेल्या पेवांत हळद साठवण्याची जुनी रीत होती. तेथील आपल्या मालावर नजर ठेवण्यासाठी आप्पा आठवड्यातून दोन-तीनदा सायकलने जात. ते गेले तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला आठवते ती फक्त घंटी, आणि पुढच्या दांडीवर बसवून त्यांनी पेठेतून मारलेली एक फेरी. बाकी सारे ऐकीव. म्हणूनच असेल, ही सायकल पुन्हा जशी होती तशी उभी करायची, असे मी त्याच दिवशी ठरवले.

‘जशी होती तशी’ हे शब्द वाटतात तितके सोपे नाहीत, हे मला पुढच्या दोन वर्षांत कळले. जुन्या सायकली जमवणाऱ्यांचा एक दंडक असतो : प्रत्येक भाग त्याच घडणीचा आणि त्याच काळातला हवा. त्यासाठी आधी सायकलीचे वय ठरवावे लागते. आमच्या सायकलीच्या मागच्या चाकात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन वेगांचा हब निघाला. त्या हबच्या कवचावर वर्षाचे आणि महिन्याचे अंक ठोकलेले असतात. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने घासल्यावर 51 आणि 7 हे अंक उमटले. म्हणजे हा हब जुलै 1951 चा. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या कारखान्यातून निघालेली ही सायकल बोटीने मुंबईला व तेथून आमच्या घरी आली असणार.

आमच्या पेठेतील वृद्ध मिस्त्रींनी हब उघडला. आत वीस दात्यांचे एक मधले चाक, त्याभोवती फिरणारी वीस-वीस दात्यांची चार चाके, आणि या सर्वांना वेढणारे साठ दात्यांचे कडे. मधला वेग सरळ. वरच्या वेगात चाक एक तृतीयांशाने अधिक फिरते, खालच्यात एक चतुर्थांशाने कमी. गाळ आत गेला होता, तरी पोलाद शाबूत होते. केसासारख्या बारीक दोन स्प्रिंगा तेवढ्या बदलाव्या लागल्या. त्या मिळवायला चार महिने गेले.

मधल्या ॲक्सलची वाटी बसवताना मात्र माझा उतावीळपणा नडणार होता. बाजारातून नवी वाटी आणली. ती दोन आटे आत गेली आणि अडली. ‘जरा जोर लावा,’ मी म्हणालो. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. ‘शेठ, जोर लावला तर वाटी बसेल, पण फ्रेम कायमची बिघडेल.’ इतर सायकलींना एका इंचात चोवीस आटे असतात. रॅलेने आपल्या सायकलींना सव्वीस ठेवले होते. शेवटी जुन्याच वाट्या घासूनपुसून वापरल्या आणि प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे नवे घातले. झिजण्यासाठीच जे असते ते बदलावे आणि बाकीचे जपावे, हा मिस्त्रींचा न्याय मला पटला.

काही गोष्टी मात्र फारच सहज मिळाल्या. अठ्ठावीस बाय दीडचे टायर आपल्याकडे दुधवाल्यांच्या सायकलींमुळे अजून दुकानात टांगलेले असतात. पुढे बत्तीस व मागे चाळीस स्पोकांची जुनी इंग्रजी रीतही आपण सोडलेली नाही. परदेशातले हौशी लोक ज्यासाठी वणवण करतात, ते मी सायंकाळी पिशवीत घालून घरी आणले.

उरली सीट. वखारीतून निघालेल्या सायकलीवर सीटच्या जागी गंजलेल्या स्प्रिंगांचा सांगाडा होता आणि त्याला जाड कापडाच्या चिंध्या चिकटल्या होत्या. मूळची सीट फाटल्यावर कोणीतरी केलेली ही स्वस्तातली डागडुजी असावी, असे मी धरून चाललो. त्या काळच्या अशा सायकलीला ब्रुक्सची चामड्याची सीट असायची. पुण्याच्या एका संग्राहकाकडे तशी सीट होती. किंमत ऐकून क्षणभर थांबलो, पण पैसे पाठवले.

पार्सल उघडले तेव्हा आई शेजारी बसली होती. तिचे वय पंचाहत्तर. तपकिरी, तुकतुकीत, तांब्याच्या खिळ्यांची ती सीट खरोखर देखणी होती. आईने ती हातात घेतली नाही. ‘चामड्याची आहे?’ एवढेच विचारले.

‘हो. पण सत्तर वर्षांपूर्वीची आहे, आई. माझ्यासाठी काही कोणी नव्याने जीव घेतलेला नाही. सायकल मूळची जशी होती तशीच करायची, तर हीच बसवायला हवी.’

‘मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तिच्यावर कापडाची सीट होती,’ ती म्हणाली. ‘आप्पा चामड्याची चप्पलसुद्धा घालत नसत. ते यावर बसले असते का रे?’

मला उत्तर सुचले नाही. युक्तिवाद माझ्याकडे होता, आणि तो अगदीच पोकळ होता असे आजही मला वाटत नाही. पण तिचा प्रश्न चामड्याविषयी नव्हता; तो आप्पांविषयी होता.

आमच्या जुन्या वह्या माडीवर असल्याने पुरातून वाचल्या होत्या. वीर संवत 2478 ची रोजकीर्द काढली. हबवर जुलै 1951 असल्याने सायकलीची नोंद त्या दिवाळीनंतरची असावी, असा माझा अंदाज होता. माघ महिन्याच्या पानावर आप्पांच्या मोडी वळणाच्या अक्षरात सायकलीची खरेदी सापडली. तिच्याखाली दोन ओळी होत्या : चामड्याची सीट दुकानी परत, वजा रुपये 12. किंतानाची सीट करवून घेतली, रुपये 3.

मी ते पान किती तरी वेळ उघडे ठेवून बसलो. ज्याला मी डागडुजी समजत होतो, तीच या सायकलीची पहिली सीट होती. चामड्याच्या सीटवर आप्पा एक दिवसही बसले नव्हते. कारखान्याच्या यादीशी सायकल जुळवण्याच्या नादात जो माणूस ती वीस-बावीस वर्षे वापरत होता, त्याला मी विचारातच घेतले नव्हते.

ब्रुक्सची सीट परत पाठवली. संग्राहक सज्जन गृहस्थ. त्यांनी पैसे परत दिले, पण स्पष्टही सांगितले, ‘अशाने तुमच्या सायकलीची किंमत निम्म्यावर येईल. जाणकार तिला अपुरी म्हणतील.’ व्यापाऱ्याच्या मुलाला हा हिशेब कळतो. पण आप्पांनी तो सत्तर वर्षांपूर्वीच मांडून खतवून ठेवला होता. गंजलेला सांगाडा घासून, रंगवून त्यावर जाड किंतान दुहेरी शिवून घेतले.

आप्पांचे सोवळे रूप मी रंगवतो आहे असे वाटू नये, म्हणून एक गोष्ट सांगतो. सायकलीचा हातपंप उघडला, तेव्हा आतल्या दांड्याला चामड्याचा वाळलेला वायसर निघाला. जुन्या पंपांत तो तसाच असे. आप्पांना तो ठाऊक नव्हता, की ठाऊक असून इलाज नव्हता? वहीत त्याची नोंद नाही. मी तेथे रबरी वायसर घातला. जेवढे दिसले आणि जमले तेवढे त्यांनी केले. उरलेले मला दिसले.

शेवटचा प्रश्न दिव्याचा होता. हँडलखाली दिवा अडकवण्याचा कंस असतो. तेथे त्या काळचा दिवा हवाच, असे जाणकारांचे मत. मी भिंग घेऊन कंस पाहिला. साऱ्या सायकलीचा रंग घासला गेला होता, कॅरिअर ओझ्याने वाकले होते. या कंसावर मात्र एक ओरखडा नव्हता. तेथे दिवा कधी लागलाच नव्हता. सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून आप्पा उजेड असतानाच घरी परतत. त्यांना दिव्याची गरज कधी पडली नसावी. तो कंस मी रिकामाच ठेवला. वाकलेले कॅरिअरही सरळ केले नाही.

गेल्या कार्तिकात एका दुपारी मी सायकल बाहेर काढली. हरिपूरच्या रस्त्याला लागताच मधला वेग टाकला. हब टिकटिकू लागला. कृष्णा-वारणेच्या संगमापर्यंत गेलो, थोडा वेळ घाटावर बसलो. उन्हे कलली तसा उठलो. परतताना वारा समोरून होता, खालचा वेग टाकावा लागला. पेठेत शिरलो तेव्हा दुकानांतले दिवे अजून लागायचे होते.

आई दारात उभी होती. तिने आधी सायकलीकडे पाहिले, मग आभाळाकडे.

‘वेळेत आलास,’ ती म्हणाली. ‘पाने घेते.’