दोन मध्य

प्रत्येक ओंडक्याला दोन मध्य असतात. एक झाडाचा: रोप असताना ते जिथून सुरू झालं आणि ज्याच्याभोवती वर्षानुवर्षं लाकूड चढत गेलं तो बिंदू. दुसरा आकाराचा: परकाराने काढलेला, ओंडका ज्याच्याभोवती सारख्या अंगाने फिरेल तो. झाड सपाटीवर, चहूकडून सारख्या उजेडात आणि वाऱ्याचा मार न खाता वाढलं, तर हे दोन्ही मध्य एकाच ठिकाणी येतील. असं झाड मी अजून पाहिलेलं नाही. कोकणात तर नाहीच. इथली झाडं उतारावर उभी असतात आणि समुद्राकडून येणारा वारा जन्मभर अंगावर घेतात. फणस एका बाजूला कलला, की वरच्या अंगाला जास्त लाकूड घालतो आणि त्या जाड अंगाने स्वतःला मागे ओढून धरतो. त्यामुळे मधला बिंदू खालच्या अंगाला सरकतो. आडव्या कापात तो बाजूला गेलेला दिसतो, आणि झाड कुठे झुकलं होतं हे झाड न पाहिलेल्या माणसालाही सांगता येतं.

हा बिंदू मी पहिल्यांदा नीट पाहिला तो मामाच्या आगरातल्या फणसाच्या खोडात. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दापोलीपासून अलिबागपर्यंत नारळी-पोफळी, आंबे, फणस एका दिवसात आडवे झाले. माणसांची छपरं उडाली होती, वीज नव्हती. पडलेल्या झाडांकडे बघायला सवड कुणाला होती? जी लाकडं वाटेत होती ती तोडली गेली, सरपणात गेली, आणि तेव्हा ते योग्यच होतं. मामाने फणसाच्या बुंध्याचा एक तुकडा मात्र ठेवून दिला. "ह्याच्याखाली आईने वाळवणं घातली," एवढंच म्हणाला. त्याचं काय करायचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तालुक्यातले एक मेस्त्री लाकडाच्या लेथवर पाळण्याचे गज आणि लाटणी काततात, त्यांना विचारलं. त्यांचा निरोप आला, "पहिलं दोन्ही तोंडांना शेण लिंपा. मग बाकीचं बघू."

शेण लिंपण्यामागे कारण आहे. जिवंत खोडात पाणी मुळांकडून पानांकडे चढतं, म्हणजे लाकडाच्या साऱ्या नळ्या उभ्या. खोड आडवं कापलं की त्या नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि पाणी तिथून इतर बाजूंपेक्षा कित्येक पटींनी लवकर उडतं. टोकं आधी वाळतात, आक्रसतात. आतलं लाकूड अजून ओलं, फुगलेलं. या ओढाताणीत टोकं तडकतात. शेणाचा लेप पाण्याला थोपवतो, घाई करू देत नाही. मेण लावलं किंवा जाड तेलरंग फासला तरी तेच होतं. शेण घरचं.

सुमारे 40 सेंटीमीटर व्यासाचा आणि 45 सेंटीमीटर उंचीचा ओला ओंडका पन्नास किलोच्या आसपास भरतो, म्हणजे सिमेंटची एक गोणी. त्यातून बसायचं एक स्टूल कातायचं ठरलं, म्हणजे ही गोणी लेथवर चढवायची आणि फिरवायची. मेस्त्रींचा लेथ त्यांनी स्वतः जोडलेला: लोखंडी चॅनलचा सांगाडा, जुनी मोटर, पट्टा आणि उतरत्या मापाच्या पुल्या. वेग कमी करायचा तर पट्टा मोठ्या पुलीवर टाकायचा. ओंडका चढवण्याआधी त्यांनी त्याचं कापलेलं तोंड ओल्या फडक्याने पुसलं, खडूने झाडाचा मध्य टिंबाने दाखवला, परकाराने आकाराचा मध्य काढला. दोहोंत अंतर होतं. ते बराच वेळ उकिडवे बसून त्या दोन टिंबांकडे बघत राहिले. मग दोन्हींच्या मधे तिसरं टिंब दिलं.

"थोडं त्याचं, थोडं आपलं," ते म्हणाले.

त्या तिसऱ्या टिंबाचा हिशेब मला नंतर कळला. आस आकाराच्या मध्यातून नेला तर जास्तीत जास्त जाडी मिळते, पण झाडाचा मध्य स्टुलाच्या एका कडेला जातो. लाकूड वाळताना सगळ्यात जास्त ताण असतो तो याच मध्याभोवती, त्यामुळे स्टूल त्या अंगाने उघडण्याची भीती. आस झाडाच्या मध्यातून नेला तर ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. मात्र एका अंगाचं बरंच लाकूड कातून टाकावं लागतं आणि ओंडका फिरताना भयंकर हादरतो. किती हादरतो? पन्नास किलोच्या ओंडक्याचं वजन आसापासून फक्त 2 सेंटीमीटर बाजूला असलं आणि तो मिनिटाला 300 फेरे घेत असला, तर तो लेथला जवळजवळ 100 किलोच्या जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला पाच वेळा सगळ्या दिशांना फिरून येते. वेग दुप्पट केला तर ओढ चौपट होते. निम्मा केला तर पावपट. म्हणून सुरुवात सगळ्यात मोठ्या पुलीवर, अगदी संथ. लेथच्या पायाशी वाळूची पोती. मोटर सुरू करताना माणूस बाजूला उभा, ओंडक्यासमोर कधीच नाही.

आणि मग आवाज सुरू झाला. पटाशी टेकवली तेव्हा ती ओंडक्याच्या बाहेर आलेल्या अंगालाच लागत होती. उरलेल्या फेऱ्यात तिच्यापुढे नुसती हवा. टक्, टक्, टक्. साल उडाली, सालीतला चीक पोलादाला चिकटला, मेस्त्रींनी पटाशीवर खोबरेल चोळलं आणि पुन्हा टेकवली. हळूहळू ठोक्यांमधली पोकळी कमी होत गेली, ठोके जवळ आले, एकमेकांत मिसळले आणि एका क्षणी त्यांचा अखंड, घुमणारा स्वर झाला. ओंडका गोल झाला हे डोळ्यांच्या आधी कानाला कळतं. मेस्त्री तेव्हाच मोटर थांबवतात, पट्टा एका पुलीने खाली घेतात. त्यांना मोजपट्टी लागत नाही.

सालीलगतचं फिकट लाकूड सुटल्यावर आतून पिवळा रंग निघाला. ताज्या फणसाचा हा पिवळा ज्यांनी पाहिला नसेल त्यांना सांगणं कठीण आहे. हळदीहून तो उजळ वाटतो आणि सोनचाफ्याहून गडद. हवा आणि उजेड लागून काही महिन्यांत तो मधाळ होतो, काही वर्षांत तांबूस तपकिरी. कोकणातल्या देवळांचे जुने फणसाचे खांब काळपट दिसतात; कधीकाळी तेही असेच पिवळे होते. ब्रह्मदेश आणि थायलंडमधले भिक्षू याच गाभ्याच्या ढलप्या उकळून चीवरं रंगवत आले. दक्षिणेत मृदंगाचं खोड आणि तंजावरची वीणा बहुधा फणसातूनच निघते. वाळवी सहसा या गाभ्याच्या वाटेला जात नाही.

भिक्षूंवरून आठवलं. श्वासाकडे लक्ष कसं द्यावं हे सांगताना पाली सतिपट्ठान सुत्तात बुद्धाने कातारी आणि त्याचा शिकाऊ पोरगा यांचा दाखला दिला आहे. लांब फेरा घेताना कुशल कातारी जाणतो की आपण लांब घेतोय. आखूड घेताना जाणतो की आखूड. आजचा लेथ पाहून हा दाखला पुरता उमगत नाही, कारण मोटर एकाच दिशेने फिरते. जुना लेथ दोरीचा. इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यावर, इसवी सनापूर्वी 300च्या सुमाराचं एक कोरीव चित्र आहे: एक माणूस पट्टा पुढेमागे ओढतोय, दुसरा हत्यार धरून बसलाय. आपल्याकडे खेळणी कातणाऱ्यांनी कमानीची दोरी वापरली. दोरी ओढली की लाकूड पुढे फिरतं, तेव्हा कातायचं. सोडली की मागे फिरतं, तेव्हा हात जरा मागे घ्यायचा. आत, बाहेर. आत, बाहेर. अडीच हजार वर्षांपूर्वी श्वासासाठी याहून नेमका दाखला दुसऱ्या कुठल्या धंद्यात सापडला असता असं मला वाटत नाही. मोटर आली आणि कातकामातला उच्छ्वास गेला. काम वेगाने होऊ लागलं, हे चांगलंच झालं. दोरी ओढणाऱ्या पोराच्या खांद्याला विचारा. पण मेस्त्री पटाशी टेकवण्याआधी श्वास घेतात आणि कापताना संथ सोडतात, ते मी बघितलं आहे.

स्टुलाला कंबर काढायची होती. इथे लाकडाचा एक नियम आहे आणि तो मोडता येत नाही: उभ्या तंतूंचं लाकूड नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे कातायचं. मग प्रत्येक कापल्या जाणाऱ्या तंतूला खालून दुसऱ्या तंतूचा आधार असतो. उलट गेलं की तंतू उचकटतात, पृष्ठभाग फाटतो. म्हणून बैठकीकडून उतरत कमरेपर्यंत यायचं, थांबायचं, बुडाकडून उतरत पुन्हा कमरेपर्यंत यायचं, आणि दोन्ही उतार जिथे भेटतात तिथे सांधा दिसू द्यायचा नाही. या वेळी ओल्या लाकडाच्या लांबच लांब पिवळ्या फिती मेस्त्रींच्या मनगटावरून सुटत होत्या, त्यांच्या पायांशी ढीग होत होता. त्यांनी पटाशी थोडा वेळ माझ्या हातात दिली. दांडा कमरेला टेकवायचा, हात हलवायचे नाहीत, अंग हलवायचं. पन्नास किलोंचं फिरणं हाडांत पोचतं. मी ते कधी विसरणार नाही.

अशा भरीव, कातलेल्या स्टुलांची जगाला ठाऊक असलेली एक गोष्ट आहे. रे आणि चार्ल्स ईम्स या अमेरिकन जोडप्याने 1960 साली न्यूयॉर्कच्या टाइम-लाइफ इमारतीसाठी अक्रोडाच्या लाकडाची तीन स्टुलं केली. ती मुख्यतः रेची. तिन्हींची वरची आणि खालची बाजू सारखीच, खोलगट. फरक फक्त मधल्या वळणात. हीच दोघं त्याआधी भारतात फिरून गेली होती आणि 1958च्या आपल्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त जीव लावला होता आपल्या तांब्यावर: तो भरलेला असताना आणि रिकामा असताना त्याचा तोल, कडेवर घेताना त्याचा बाक, हाताला लागणारी त्याची कडा. त्या अहवालातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तांब्यावरून स्टुलं सुचली असं मी म्हणत नाही. पण कमरेचं वळण, दोन फुगवट्यांमधला आवळलेला भाग आणि जमिनीवर नुसतं ठेवलं की स्थिर होणारं वजन पाहणारी नजर दोन्हीकडे एकच आहे, याबद्दल माझी खात्री आहे.

आता तडकण्याचं. पाणी गेल्यावर लाकूड सगळ्या दिशांना सारखं आक्रसत नाही. लांबीत जवळजवळ नाहीच; मध्यापासून सालीकडे थोडं; आणि गोलाईच्या दिशेने त्याच्या साधारण दुप्पट. घेर व्यासापेक्षा जास्त आखडला तर तो कुठेतरी फाटणारच. अख्ख्या खोडाच्या बाबतीत हे टळत नाही. जपानी सुतार घराच्या खांबाला मागच्या, न दिसणाऱ्या अंगाने मध्यापर्यंत एक उभी चीर आधीच देऊन ठेवतात, म्हणजे लाकूड तिथेच उघडतं. मेस्त्रींनी दुसरी वाट धरली. स्टूल उलटं करून त्यांनी बुडातून आत पोखरत नेलं, झाडाचा मध्य बैठकीखाली चार बोटांपर्यंत काढून टाकला आणि भोवती जाड भिंत ठेवली. आखडायला मधे जागा मिळाली. मग स्टूल लेथच्या भुश्यातच पुरून ठेवलं, सावलीत, पावसाळाभर.

तरीही बैठकीवर एक तडा आलाच, बारीक, मध्यापासून कडेकडे जाणारा. मेस्त्रींनी त्यावर शिसवीचा डमरूच्या आकाराचा छोटा तुकडा आडवा बसवला, म्हणजे तो पुढे धावणार नाही. भुसा-डिंक भरून तडा झाकायला त्यांनी नकार दिला, आणि मला ते पटलं. जॉर्ज नाकाशिमा हे जपानी वंशाचे अमेरिकन सुतार याच डमरूंसाठी ओळखले जातात; तेही तडे उघडे ठेवत. तसंच जाड, काचेसारखं पॉलिशही मला या लाकडावर सहन होत नाही. जवसाचं तेल, मऊ फडकं आणि बसणाऱ्यांची अंगं, एवढं पुरतं.

वाळल्यावर स्टूल सतरा-अठरा किलोंचं भरलं. ते एका हाताने सरकत नाही, आणि ते तसंच असावं. हलक्या वस्तूंचे उपकार मी नाकारत नाही. लग्नघरात शंभर प्लास्टिकची स्टुलं लागतात. पण घरात एक तरी वस्तू अशी हवी की जी आपण जागेवरून उचलून नेत नाही, आपण तिच्याकडे जातो. मामाच्या पडवीत ते दाराच्या उजव्या हाताला आहे. म्हातारी माणसं चपला घालताना त्याला धरतात आणि ते हलत नाही.

तेव्हा तुमच्या परसातला फणस, आंबा किंवा जांभूळ वादळात पडला, तर लाकूडवाल्याला फोन करण्याआधी बुंध्याचा एक तुकडा राखा. हवा त्याहून वीतभर लांब कापा, कारण टोकं थोडी वाया जातातच. त्याच दिवशी दोन्ही तोंडं शेणाने, मेणाने किंवा रंगाने बंद करा. जमिनीला टेकू न देता सावलीत ठेवा. आणि जवळच्या गावात लेथवर लाटणी, पोळपाट, पाळण्याचे गज करणारा कुणी असेल तर त्याच्याकडे घेऊन जा. हात त्याच्यापाशी आहेत, लेथही आहे. असं काम घेऊन येणारी माणसं कमी झाली आहेत.