हात मागे, माऊस तुमचा!

‘फुकट आहे? मग काहीतरी लोचा असणार!’

क्यूजीआयएसचं नाव काढलं की समोरच्याची पहिली रिअ‍ॅक्शन ही ठरलेली. दोष त्याचा नाही. आपल्याकडे फुकट सॉफ्टवेअर म्हणजे मित्राच्या पेनड्राइव्हवरून आलेलं, क्रॅक केलेलं, आणि सोबत दोन-चार व्हायरस भेट! म्हणून माझं वर्कशॉप दर वेळी याच वाक्यापासून सुरू होतं. क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर. अलास्कात राहणाऱ्या गॅरी शर्मन नावाच्या माणसानं २००२ मध्ये ते लिहायला घेतलं, कारण त्याला लिनक्सवर चालणारा एक साधा मॅप-व्ह्यूअर हवा होता. पुढे जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. लायसन्स जीपीएल. म्हणजे वापरा, वाटा, आतला कोड उघडून बघा, पटलं नाही तर बदला. ट्रायल नाही, सिरियल नंबर नाही, ‘आपली मुदत संपली आहे’ सांगणारी खिडकी नाही.

या मंडळींचं एक जागतिक संमेलन भरतं. नाव फॉसफोरजी. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला, २०१८ ला दार-ए-सलामला, २०२३ ला कोसोवोतल्या प्रिझरेनला, २०२४ ला ब्राझीलमधल्या बेलेमला, असं ते फिरत असतं. आशियाचं वेगळं असतं. २०१७ चं आपल्या हैदराबादला झालं. त्याच धर्तीवर ठिकठिकाणी छोटी संमेलनं भरतात, आणि पुण्यातल्या अशाच एका छोट्या संमेलनात मी गेली तीन वर्षं शिकवतेय. मोठ्या हॉलमधली भाषणं, स्लाइड्स, टाळ्या हे सगळं नंतर. त्याच्या आदल्या दिवशी कम्प्युटर लॅबमध्ये चार-चार तासांची वर्कशॉप्स होतात. त्यांचे फोटो फारसे कुणी काढत नाही. माझं मत विचाराल तर संमेलनातलं खरं काम तिथेच होतं.

तुम्ही विचाराल, मास कॉम केलेली फ्रीलान्स पत्रकार तिथे काय करते? बसस्टॉपवरच्या एका स्टोरीसाठी मला नकाशा हवा होता आणि करून देणाऱ्याला द्यायला पैसे नव्हते. मग स्वतःच शिकले. इंजिनिअर नसल्याचा फायदा असा, की समोरच्याला कुठे अडणार ते मला आधी कळतं.

आमच्या लॅबमध्ये एकच कडक नियम आहे. मदत करणाऱ्यानं दुसऱ्याच्या माऊसला हात लावायचा नाही. अगदी हात पाठीमागे बांधून फिरायचं, परीक्षेतल्या सुपरवायझरसारखं. ‘तिसरा मेनू उघडा, खाली या, अजून खाली...’ असं तोंडानं सांगायचं. भयंकर कंटाळवाणं काम! आपण दोन सेकंदांत करू ते समोरचा दोन मिनिटं शोधत असतो आणि आपली बोटं शिवशिवतात. पण तुम्ही क्लिक केलंत तर ते तुमच्या हाताला येतं. घरी गेल्यावर त्याच्याकडे काय उरणार? दुसरी युक्ती स्टिकी नोट्सची. १९९८ पासून शास्त्रज्ञांना कोडिंग शिकवणाऱ्या सॉफ्टवेअर कार्पेंट्रीवाल्यांच्या वर्गांत ती चालते. प्रत्येकाला दोन रंगांचे कागद द्यायचे. जमलं तर हिरवा, अडलं तर लाल, मॉनिटरवर चिकटवायचा. हात वर करून ‘मॅडम, मला येत नाही’ म्हणायला चाळिशीच्या पुढच्या माणसाला जीव नकोसा होतो. लाल कागद मात्र तो लावतो.

पहिला तास इन्स्टॉलेशनमध्ये जातो. ‘आदल्या दिवशी डाउनलोड करून या’ अशी मेल तीनदा पाठवलेली असते आणि ती कुणीही वाचलेली नसते. तीस जण एकदम डाउनलोड करायला बसले की कॉलेजचं वायफाय मान टाकतं. म्हणून आम्ही पेनड्राइव्ह वाटतो. ओएसजिओलाइव्ह नावाचा प्रकार तर झकास. पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू होतं, नकाशांची सगळी सॉफ्टवेअर्स आत तयार, तुमच्या कम्प्युटरवर काही टाकायलाच नको. लॅबचा अ‍ॅडमिन पासवर्ड ज्यांच्याकडे आहे ते सर नेमके त्याच दिवशी रजेवर असतात, तेव्हा याची किंमत कळते.

मग खरी गंमत. बसस्टॉपची एक्सेल यादी नकाशावर टाकायची. पुणे म्हणजे साधारण अक्षांश साडेअठरा, रेखांश पावणेचौऱ्याहत्तर. सॉफ्टवेअर आधी एक्स मागतं, मग वाय. एक्स म्हणजे रेखांश, पण आपण लहानपणापासून ‘अक्षांश-रेखांश’ याच क्रमानं पाठ केलेलं! त्यामुळे निम्म्या वर्गाचं स्वारगेट नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाजवळ, बर्फाळ समुद्रात जाऊन पडतं. ज्यांच्या यादीत आकड्यांच्या जागी शून्य आहे त्यांचे स्टॉप आफ्रिकेच्या पश्चिमेला, शून्य अक्षांश आणि शून्य रेखांश जिथे भेटतात तिथे गोळा होतात. नकाशावाल्यांनी त्या जागेला ‘नल आयलंड’ असं लाडाचं नाव दिलंय. बेट वगैरे काही नाही, नुसतं पाणी. वर्गात हशा पिकतो, लाल कागद फडफडतात, आणि एक्स-वाय कुणी जन्मात विसरत नाही.

त्यानंतर प्रोजेक्शन. प्रत्येक स्टॉपभोवती पाचशे मीटरचं वर्तुळ काढा म्हटलं की कुणाचं तरी वर्तुळ अख्खी पृथ्वी गिळून बसतं, कारण डेटा अंशांत असतो आणि सॉफ्टवेअर त्या पाचशेला पाचशे अंश समजतं. मीटरमध्ये मोजायचं तर आधी यूटीएम झोन निवडावा लागतो. मुंबई, पुणे, पार अमरावतीपर्यंत झोन ४३, वर्धा-नागपूर ४४. ‘म्हणजे विदर्भ इथेपण वेगळा?’ हा जोक दर वर्षी होतो. दर वर्षी मी हसते.

गेल्या वर्षी मागच्या बाकावर एका लॅपटॉपसमोर दोघं बसले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागातली कंत्राटी इंजिनिअर, वय पंचवीसच्या आसपास. आणि तिच्या शेजारी पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात रेक्झिनची डायरी घेतलेले एक काका. ते व्हॉल्व्हमन. गावात चार दिवसांआड पाणी येतं. कुठल्या गल्लीला किती वाजता सोडायचं, त्यासाठी कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे सगळं काकांना पाठ. पाइपलाइनचा कागदी नकाशा कपाटात होता, तोही जुन्या योजनेचा. मध्यंतरी एका कन्सल्टंटनं पेड सॉफ्टवेअरवर नकाशा केला होता. कंत्राट संपलं, लायसन्स संपलं, फाइल उघडेना.

‘आणि काका मे महिन्यात रिटायर होतायत,’ तिनं चहाच्या वेळी सांगितलं. ‘रस्ता डांबरी झाला की व्हॉल्व्हचं चेंबर खाली गाडलं जातं, ताई. मग कुठे खणायचं ते फक्त यांनाच माहीत असतं. हे गेल्यावर मी काय करू?’

चहानंतर त्यांनी आमचे बसस्टॉप बंद केले. तिच्या फोनचा हॉटस्पॉट लावून त्यांच्या गावाची सॅटेलाइट इमेज उघडली. काका मिनिटभर गप्पच होते. आपलं गाव वरून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आधी ओढ्याचं वळण सापडलं, मग देवळाचं पटांगण, मग उंच टाकीची गोल सावली. आणि मग काका सुटले.

‘हितं. ह्या पत्र्याच्या शेडपासून चार पावलं रस्त्याकडं. आठ इंची. गाडल्याला हाय.’

ती क्लिक करायची. काका डायरीतला नंबर सांगायचे. डायरीत अक्षांश-रेखांश कुठून असणार? ‘पिंपळासमोर’, ‘जुन्या दवाखान्याच्या मागं’ असे पत्ते. त्यातला पिंपळ दहा वर्षांपूर्वी पडलाय, पण काकांच्या हिशेबात तो अजून उभा आहे.

माझ्यासोबत शिकवणारा मित्र आयटीतला. त्याचा चेहरा मला लांबूनच कळला. अजून तीस जण होते, अर्ध्या तासात प्रिंट लेआउट शिकवायचं होतं, आणि हे दोघं सिलॅबस सोडून भलतीकडेच. ‘त्यांना परत ट्रॅकवर आण ना,’ तो कुजबुजला. त्याचंही खरं होतं. चार तासांचं वर्कशॉप म्हणजे लोकल ट्रेन, एकासाठी थांबली की मागच्या सगळ्या लेट. मी म्हटलं, तू पुढे शिकव, मी मागे थांबते. लेआउट त्यांना फोनवरही शिकवता येईल. काका मे नंतर असे सापडणार नाहीत.

टेबल बनवताना मात्र ती अडली. तिला कॉलमची नावं मराठीत हवी होती, कारण तो तक्ता उद्या काकांच्या जागी येणारा माणूस वाचणार. शेपफाइल हा नव्वदच्या दशकातला फॉरमॅट अजून सगळीकडे चालतो, पण त्यात कॉलमच्या नावाला दहाच बाइट्स मिळतात. इंग्रजीत दहा अक्षरं बसतात. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला युनिकोडचे तीन बाइट्स लागतात, काना-मात्रा आणि पाय मोडल्याचं चिन्हसुद्धा वेगळं मोजलं जातं. म्हणजे ‘व्हॉल्व्ह’ हा शब्दच मावत नाही! यावर उपाय जिओपॅकेज. हवी तेवढी मोठी नावं, मराठीत, आणि सगळं एकाच फाइलमध्ये. तिनं कॉलम केले: ‘व्हॉल्व्ह क्रमांक’, ‘इंच’, ‘कुठल्या गल्लीला पाणी’, ‘स्थिती’. स्थितीत तीनच पर्याय: चालू, जाम, गाडलेला.

तेवढ्यात काकांनी पेन खाली ठेवलं. ‘मॅडम, हे ओपन हाय म्हणता. मंजी आता हे सगळ्यांना दिसणार?’

दर वर्षी कुणीतरी हे विचारतं, पण असा घसा कोरडा करून नाही. मी सांगितलं, ओपन आहे ते सॉफ्टवेअर. त्याचा कोड कुणीही बघू शकतं. तुमचा डेटा तुमच्या लॅपटॉपमध्ये, तुम्ही दिल्याशिवाय कुठे जात नाही. ओपनस्ट्रीटमॅप वेगळं, तिथे टाकलेलं सगळ्यांचं होतं. तिथे रस्ते टाका, शाळा टाका, व्हॉल्व्ह टाकायची सक्ती कुणी केलेली नाही.

काकांनी मान डोलावली, पण पेन उचललं नाही. व्हॉल्व्ह कुठे आहे हे सगळ्यांना कळलं तर रात्री कुणीही येऊन फिरवील, ही एक भीती होती. दुसरी ते बोलले नाहीत. रात्री-अपरात्री पाइप फुटला की नगराध्यक्षांपासून सगळे यांनाच फोन करतात. तीस वर्षांचा तो मान या फाइलमध्ये टाकून द्यायचा होता, आणि त्याबदल्यात कुणी काही देणार नव्हतं. अशा वेळी शिकवणाऱ्यानं काय बोलायचं, हे कुठल्याही ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत.

ती इंजिनिअर हुशार. तिनं एक कॉलम वाढवला. ‘माहिती कोणी दिली’. आणि पहिल्या ओळीत काकांचं पूर्ण नाव टाइप केलं, वडिलांच्या नावासकट. मग तेच सगळ्या ओळींत भरून घेतलं. फील्ड कॅल्क्युलेटर अर्ध्या तासापूर्वीच शिकवला होता, तो तिथे असा कामाला आला. काका चष्मा वर करून स्क्रीनजवळ वाकले, स्वतःचं नाव वाचलं, आणि म्हणाले, ‘सतरा नंबर खोडा. तो मी चुकीचा सांगितला.’

वर्कशॉप संपलं तेव्हा त्यांचे एकसष्ट व्हॉल्व्ह लागले होते. डायरीत एकशे चाळीस. बाकीच्यांचे सुबक प्रिंट लेआउट तयार होते, नॉर्थ अ‍ॅरो आणि स्केलसकट. या दोघांकडे नुसते लाल ठिपके. पाच वाजताची एसटी होती म्हणून सर्टिफिकेट न घेताच पळाले. ते मी कुरिअर केलं.

असं शिकवायचे पैसे? चहा, लंच बॉक्स आणि गळ्यातलं लॅनयार्ड. मोठ्या भाषणांना स्पॉन्सर मिळतात, लॅबमध्ये हात मागे बांधून फिरणाऱ्यांना नाही. माझं घर लेखांवर चालतं, म्हणून वर्षातून एकदा परवडतं. ज्यांना परवडत नाही अशी चांगली शिकवणारी माणसं गळून जाताना मी बघितलीत, आणि त्याचा मला राग येतो. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी त्याच्या शेजारी चार तास बसणारं माणूस फुकट पैदा होत नाही.

नंतर तिचे फोन येत राहिले. लेआउट दोन फोनमध्ये शिकून झाला. मग एप्रिलमध्ये रविवारी सकाळी एकदा, पाठीमागे रहदारीचा आवाज. नव्वदच्या पुढचे व्हॉल्व्ह इमेजवर झाडांखाली झाकले जातात, दिसत नाहीत. तिच्या स्कूटरवर मागे काकांना बसवून दोघं गावभर फिरत होते आणि ती फोनमधलं लोकेशन कागदावर उतरवून घेत होती. मी तिला क्यूफील्ड सांगितलं. क्यूजीआयएसचाच प्रोजेक्ट अँड्रॉइड फोनवर उघडतो, जागेवर उभं राहायचं आणि ठिपका टाकायचा. ‘इंटरनेट नसलं तरी?’ नसलं तरी.

या वर्षीच्या वर्कशॉपचं प्रपोजल मी क्यूफील्डवरच पाठवलंय. सोबत शिकवणारी म्हणून तिचं नाव घातलंय. काकांनाही बोलावलं. ते म्हणाले, येतो, पण आता मी रिटायर माणूस, एसटीचं तिकीट कोण काढणार? आयोजकांना विचारलंय. अजून उत्तर नाही.