दोन तारा

यंत्रांशीं आमचा संबंध जुना असला तरी सलोख्याचा कधींच नव्हता. तीस वर्षें इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या मनुष्याकडून तशी अपेक्षाहि कोणी केली नाहीं. तथापि गेल्या उन्हाळ्यांत एका यंत्रानें आम्हांस जें शिकविलें, तें वाचकांपुढें मांडल्यावांचून राहवत नाहीं.

चिरंजीव पुण्याच्या वसतिगृहांतून सांगलीस परत आले, ते परीक्षेंतील अपयश बरोबर घेऊनच. चार दिवस उभयतांत "जेवलास का?" आणि "हो" यापलीकडे संभाषण झालें नाहीं. पांचव्या दिवशीं खेळावयाचा कंट्रोलर संगणकास जोडण्याची त्यांची खटपट चालली होती. ब्लूटूथनें जोडणी होई आणि घटकेंत तुटे. दहाव्या शतकांत डेन्मार्क एकवटणाऱ्या हॅरल्ड राजाचें 'निळा दांत' हें टोपणनांव या बिनतारी युक्तीस मिळालें आहे, ही माहिती आम्हीं मोठ्या हौसेनें पुरविली. चिरंजीवांनीं ती ऐकून घेतली व शांतपणें सांगितलें कीं, या लहरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतात. वायफाय आणि स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह यांचाहि गलबला तेथेंच असतो.

"मग तारेनें जोड," असें म्हणून आम्हीं टेबलाच्या खणांतील एक केबल काढून दिली. कंट्रोलरवरील दिवा तत्काळ लागला. आम्ही विजयी मुद्रेनें पाहूं लागलों. परंतु संगणकास त्याचा पत्ताच नव्हता! बटणें दाबलीं, संगणक बंद करून पुन्हां सुरू केला, केबल दुसऱ्या खांचेंत घातली. दिवा लागे, पडदा मात्र ढिम्म.

अखेरीस चिरंजीव केबल न्याहाळून म्हणाले, "बाबा, ही टॉर्चबरोबर आलेली, नुसती चार्जिंगची केबल. साध्या यूएसबी केबलमध्यें चार तारा असतात. दोन वीज नेतात, दोन निरोप. हिच्यांत विजेच्या दोनच आहेत."

पांच व्होल्टांची शिदोरी पोंचत होती. बोलणें पोंचत नव्हतें. वर्षभर दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आम्हीं पुण्यास पैसे धाडले आणि "पोंचले का?" एवढेंच विचारलें. "हो" असें उत्तर आलें कीं, दिवा लागला असें समजून आम्ही निश्चिंत होत असूं.

आमच्या फोनबरोबर आलेली केबल लावतांच संगणकानें कंट्रोलर ओळखला. खेळ सुरू झाला. आम्ही उठलों नाहीं.

"फार जड गेलं का रे वर्ष?" आम्हीं विचारलें.

पडद्यावरील दृष्टि न काढतां ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दिवाळीपासूनच वर्गांत जाणं सोडलं होतं, बाबा. सांगायचं होतं तुम्हांला."

पुढील शिक्षणाचा निर्णय अद्यापि व्हावयाचा आहे. ती जुनी केबल आम्हीं टाकून दिलेली नाहीं. टॉर्च चार्ज करण्यास ती उत्तम आहे. तिच्याकडून अधिक अपेक्षा करूं नये, एवढेंच.