पायाशी निजणारा शत्रू

साठीनंतर नवे मित्र मिळत नाहीत म्हणतात. मला मात्र नवा शत्रू मिळाला, तोही माझ्याच पायाशी निजणारा! अकरा वर्षे मनी माझ्या चादरीत झोपली. यंदा उन्हाळ्यात एकाएकी शिंका सुरू झाल्या, रात्री छाती वाजू लागली. मी सारा दोष सोलापूरच्या धुळीला दिला. डॉक्टरांनी हातावर टोचून पाहिले आणि मांजराचे नाव घेतले. ‘ॲलर्जी’ हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के या डॉक्टराने १९०६ साली घडवला. माझ्या घरी यायला त्याला शंभरावर वर्षे लागली. दोष केसांचाही नव्हे. लाळेतल्या नि कातडीतल्या एका प्रथिनाचा. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, तिचे कण हवेत तरंगतात. म्हणजे मनीची स्वच्छताच मला भोवली!

“मनीला धाडायचं, की तुम्हांला?” सौभाग्यवतींनी विचारले. निवाडा मधला निघाला: मनीला निजायच्या खोलीची बंदी, चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात, आणि माझ्या नाकात रोज फवारा. महिन्याभरात श्वास मोकळा झाला.

पहिल्या रात्री ती दाराशी ओरडत राहिली. मी उठलो, कडीला हात लावला, आणि परत फिरलो. आता ती ओरडत नाही. मी सुखाने झोपतो. फक्त, सोलापुरी चादर कितीही जाड असली, तरी पायाशी थंडी वाजते.